आजींना ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

मूळच्या केरळच्या आणि सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘तुम्ही’ हे आदराचे आणि ‘तू’ हे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी, एवढे शिकून त्या कामाला लागल्या. वॉर्डातल्या सत्तरीच्या एक आजी पहिल्याच दिवशी त्यांचा हात धरून ‘तू लई गुणाची हायेस’ म्हणाल्या. तिथली परिचारिका त्याच आजींना ‘आजी, गोळी घेतलीस का?’ असे विचारत होती. ते ऐकून दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनीही ‘आजी, तू जेवलीस का?’ असे विचारले. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा मुलगा रागावला. जो शब्द परिचारिकेच्या तोंडी चालतो आणि जो आजी स्वतः मला वापरतात, तोच माझ्या तोंडी अपमान कसा ठरतो, असे त्यांचे विचारणे आहे.

गेली २७ वर्षे मी पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. बँकांतले अधिकारी, डॉक्टर, कारखान्यांतले अभियंते, लग्न होऊन महाराष्ट्रात आलेल्या मुली असे नाना प्रकारचे लोक माझ्या वर्गात बसून गेले. सामान्यरूप वर्षभरात अंगवळणी पडते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचा उच्चार उत्तरेकडच्यांना थोडा छळतो, तुम्हाला तर तोही छळणार नाही, कारण ते दोन्ही तुमच्या मल्याळममध्ये आहेत. पण समोरच्या माणसाला काय म्हणावे, ही अडचण इथे दहा वर्षे राहिलेल्यांचीही सुटत नाही, आणि त्याचा दोष मी पाठ्यपुस्तकांना देते. पाठ्यपुस्तक तीन सर्वनामांची एक शिडी उभी करते: खालच्या पायरीवर ‘तू’, मधल्या पायरीवर ‘तुम्ही’ आणि सर्वांत वर ‘आपण’. मराठी माणूस मात्र आईला ‘तू’ म्हणतो, देवाला ‘तू’ म्हणतो आणि भांडण पेटले की शेजाऱ्यालाही ‘तू’ म्हणतो. आई, देव आणि भांडणारा शेजारी हे तिघे एकाच खालच्या पायरीवर कसे बसतील? माझ्या अनुभवात ही सर्वनामे आधी अंतर मोजतात, आणि आदर किंवा अनादर हा त्या अंतराचे तुम्ही काय करता यातून निघतो. जिथे मुळात अंतर नाही तिथला ‘तू’ हा मायेचा असतो. जिथे अंतर आहे आणि ते समोरच्याला न विचारता ओलांडले जाते, तिथे तोच ‘तू’ अपमान होतो.

आता तुमच्या वॉर्डात परत येऊ. ती परिचारिका बहुधा त्याच पंचक्रोशीतली असणार. त्या आजी तिच्या गावच्या असतील, तिच्या आजीच्या मैत्रीण असतील, निदान तिच्या घरच्या आजीसारखे लुगडे नेसणाऱ्या आणि तिच्या आजीसारख्याच बोलणाऱ्या असतील. तिच्या ‘तू’च्या मागे एक नाते उभे आहे आणि आजींच्या मुलाला ते दिसते. तुमच्या ‘तू’च्या मागे काय उभे आहे ते त्याला दिसले नाही. त्याला दिसली ती पांढऱ्या कोटातली, शिकलेली, अधिकाराच्या जागेवरची व्यक्ती, आणि अशा जागेवरून म्हाताऱ्या, गरीब, खेड्यातल्या माणसांना एकेरी हाक मारण्याची आपल्याकडची जुनी रीत त्याला ठाऊक होती. त्याचा राग तुमच्यावर कमी आणि त्या रितीवर जास्त होता, असे मला वाटते. आजींनी तुम्हाला म्हटलेला ‘तू’ हा वेगळाच व्यवहार आहे. वडीलधाऱ्या बाईने परक्या मुलीला पहिल्या दिवशी ‘तू’ म्हटले म्हणजे तिने तिला नातीच्या जागी बसवले. तो घ्यावा आणि जपावा. त्याची त्याच शब्दात परतफेड करायची नसते. वयाने मोठे माणूस लहानाला जे म्हणते ते लहानाने मोठ्याला म्हणावे असे मराठीत नाही.

मग काय म्हणावे? ‘आजी, तुम्ही जेवलात का?’ या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ‘आजी’ हा शब्द जवळ घेतो आणि ‘तुम्ही’ हा शब्द मर्यादा राखतो. परक्या माणसाशी बोलताना नात्याचा शब्द आणि अनेकवचनी सर्वनाम यांची ही जोडी मराठीत सर्वत्र चालते: ‘काका, तुमचा नंबर आला’, ‘मावशी, तुम्ही इकडे बसा’, ‘दादा, जरा थांबता का?’ भाजीवाल्या बाईंपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सारा महाराष्ट्र याच जोडीवर एकमेकांशी बोलतो. नात्याच्या शब्दाबरोबर ‘तू’ आला की नाते खरे, ‘तुम्ही’ आला की ते मानलेले, असा साधारण नियम धरायला हरकत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण मराठी घरातच सापडते. एखादी विवाहित स्त्री फोनवर ‘आई, तू औषध घेतलंस का?’ असे म्हणत असेल, तर ती माहेरी बोलते आहे. ‘आई, तुम्ही औषध घेतलंत का?’ असे म्हणत असेल, तर पलीकडे सासूबाई आहेत. हाक एकच आहे, ‘आई’. कोणाची आई, हे क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ आणि ‘त’ सांगतो. अलीकडे बऱ्याच घरांत सुना सासूलाही ‘तू’ म्हणू लागल्या आहेत, आणि ज्या घरात हा बदल सासूने स्वतः मागून घेतला तिथे तो फार गोड वाटतो.

वडिलांच्या बाबतीत गोष्ट अजून गुंतागुंतीची आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले. यावरून आईचा मान कमी होता असे एखाद्याला वाटेल, आणि काही घरांत तो कमी होताही. पण त्या सर्वनामांनी जे सांगितले ते एवढेच की, आईच्या पदरात शिरता येत असे आणि वडिलांच्या खोलीत शिरताना दारात थांबावे लागे. आज शहरांत ‘बाबा, तू’ ही सर्रास ऐकू येणारी हाक आहे. वडिलांचा मान गेला म्हणून कोणी हळहळले तर मी त्यांना सांगते की, मान तिथेच आहे, फक्त दार उघडले आहे.

नवरा-बायकोची हाक हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. माझ्या आईने माझ्या वडिलांना उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही. ती ‘अहो’ म्हणे. स्वयंपाकघरातून आलेला आखूड ‘अहो’ म्हणजे चहा झाला आहे. शेवट लांबवलेला ‘अहोऽऽ’ म्हणजे दारात कोणी तरी आले आहे आणि तिचे हात पिठाचे आहेत. पाहुण्यांसमोर हळूच म्हटलेला ‘अहो’ म्हणजे हा विषय आता पुरे करा. आणि वडील आजारी पडले तेव्हा रुग्णालयात पलंगाशी बसून ती जो ‘अहो’ म्हणत असे, त्यापुढे दुसरा शब्दच नसे, आणि वडील डोळे उघडत. व्याकरणाच्या पुस्तकात ‘अहो’ हे केवलप्रयोगी अव्यय म्हणून एका ओळीत येते. त्याहून जुनी रीत तर प्रत्यक्ष हाक टाळण्याचीच होती: ‘इकडून केव्हा येणं झालं?’ यात ‘इकडून’ म्हणजे समोर उभा असलेला नवरा. नाव घ्यायचे ते फक्त उखाण्यात, म्हणजे लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात, चारचौघींच्या आग्रहाने आणि यमक जुळवून. आज मुली नवऱ्याला नावाने आणि ‘अरे’ म्हणून हाक मारतात, आणि त्याच मुली लग्नाच्या दिवशी हौसेने उखाणाही घेतात. एकीने दुसरीची जागा घेतली नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहिल्या.

देवाला ‘तू’ का, हे अमराठी विद्यार्थी हमखास विचारतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीची पहिली ओवी ‘ॐ नमो जी आद्या’ अशी आदराच्या ‘जी’ने सुरू होते आणि दुसऱ्याच ओवीत ज्ञानदेव ‘देवा तूंचि गणेशु’ म्हणतात. दोन ओव्यांच्या आत ‘जी’ही आला आणि ‘तू’ही आला, आणि ऐकणाऱ्याला त्यात कोणतीही विसंगती जाणवत नाही. जनाबाई तर ‘अरे विठ्या विठ्या’ अशी थेट भांडणाची हाक मारतात. ज्याच्याशी रोजचा संसार आहे त्याच्याशीच असे भांडता येते. मग अर्थात उलटी गंमतही आहे. रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले ते स्वतःच्याच मनाला उद्देशून, आणि त्या मनाला ते ‘मना सज्जना’ म्हणतात, ‘भक्तिपंथेचि जावे’ म्हणतात. स्वतःच्या मनाशी बोलताना मात्र आज्ञेचे रूप ‘जा’ न येता ‘जावे’ हे विनंतीचे रूप आले. पसायदानातही ‘तोषावें’, ‘द्यावें’ अशीच रूपे आहेत. ‘बसावे’, ‘यावे’, ‘घ्यावे’ ही ‘वे’ची रूपे मराठीतली सर्वांत सौम्य रूपे आहेत, कारण त्यांत समोरच्याला बोट दाखवलेले नसते. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ या सूचनेत तेच रूप आजही ऐकू येते.

आता मी त्या रागाकडे येते, कारण तो समजल्याशिवाय हा विषय समजत नाही. मराठीत भांडण वाढले की ‘ते एकेरीवर आले’ असे म्हणतात. उद्दामपणाला ‘अरेरावी’ म्हणतात आणि उर्मट बोलण्याला तसेच उत्तर देण्याला ‘अरेला कारे करणे’ म्हणतात. भाषेने अपमानाची नावेच संबोधनांतून घडवली आहेत. आणि हा अपमान सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. गावगाड्यात वरच्या जातीतल्या दहा वर्षांच्या पोराने खालच्या मानलेल्या जातीतल्या साठ वर्षांच्या माणसाला ‘अरे’ म्हणावे आणि नावाला ‘या’ जोडून, म्हणजे ‘गणू’चा ‘गण्या’ करून हाक मारावी, आणि त्या माणसाने त्या पोराला ‘जी’ म्हणावे, ही रीत होती. चोखामेळ्यांच्या ‘जोहार मायबाप’ या अभंगातला ‘जोहार’ हा महार समाजाला लावून दिलेला नमस्कार होता. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीत त्या जोहाराच्या जागी ‘जय भीम’ आला, जो दोन माणसे एकमेकांना बरोबरीने म्हणतात. हा बदल मी माझ्या वर्गात नेहमी शिकवते, कारण एका समाजाने समोरच्याला भेटण्याचा शब्दच बदलून स्वतःची जागा बदलून घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

तुमच्या रुग्णालयात हीच गोष्ट रोज तुमच्या समोर घडत असेल. वॉर्डात काम करणाऱ्या आयांना ‘मावशी’ आणि पुरुष मदतनिसांना ‘मामा’ म्हणण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे, आणि पद्धत मुळात चांगली आहे. पण रोज वापरून वापरून तो नात्याचा शब्द हुद्दा होऊन जातो आणि मग चोवीस वर्षांचा शिकाऊ डॉक्टर पंचावन्न वर्षांच्या माणसाला ‘ए मामा, ट्रॉली आण’ असे सहज म्हणून जातो. नात्याचा शब्द वापरायचा आणि क्रियापद एकेरी ठेवायचे, ही मला सर्वांत वाईट जोडी वाटते, कारण तिथे जवळिकीचे नाव घेऊन अंतर दाखवलेले असते. ‘मामा, ट्रॉली आणता का?’ म्हणायला एकच अक्षर जास्त लागते. त्या आजींच्या मुलाने ही वाक्येही ऐकलेली असणार, हे लक्षात ठेवावे.

‘आपण’ या शब्दापासून मात्र तुम्हाला सावध करायला हवे, जरी तो तुम्हाला हिंदी भाषकांपेक्षा लवकर कळेल. ‘आपण’चा पहिला अर्थ ‘मी आणि तुम्ही मिळून’ असा आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मल्याळममधल्या ‘ञंगळ’ आणि ‘नम्मळ’ यांत हाच भेद आहे. हिंदीतले ‘आप’ डोक्यात ठेवून येणारे लोक सर्वांनाच ‘आपण’ म्हणू लागतात आणि गोंधळ होतो. माझ्या एका विद्यार्थ्याने, जे बँकेत अधिकारी होते, एका शेतकऱ्याला अतिशय आदराने ‘आपल्याला कर्ज फेडायचं आहे’ असे सांगितले. शेतकरी म्हणाला, ‘तुम्ही कशाला सायेब, माझं मी फेडतो की.’ त्याने त्याच्या मराठीप्रमाणे अगदी बरोबर अर्थ घेतला होता. आदरार्थी ‘आपण’ हा निमंत्रणपत्रिकेत, भाषणात, शासकीय पत्रात शोभतो. ‘आपण केव्हा आलात?’ आणि ‘आपण केव्हा आलो?’ यांतला फरक क्रियापद सांगते, पण क्रियापद गप्प बसले की अर्थ निसटतो. याखेरीज ‘आपण’ म्हणजे स्वतः (‘तो आपण होऊन आला’), ‘आपण’ म्हणजे कोणीही माणूस (‘आपण नीट वागावं, मग लोकांचं बघावं’), आणि मुंबईच्या बोलीत ‘आपण’ म्हणजे चक्क मी (‘आपण नाय घाबरत कोणाला’). एका शब्दाने ‘मी’, ‘तुम्ही’, ‘आपण सगळे’, ‘स्वतः’ आणि ‘कोणीही’ या पाचही जागा घेतल्या आहेत.

यातला एक उपयोग डॉक्टरांच्या खास कामाचा आहे. ‘आता आपण इंजेक्शन घेऊया’ असे म्हटले तर सुई अर्थातच एकाच दंडात जाते, पण भीती दोघांत वाटली जाते. आई लहान मुलाला असेच म्हणते: ‘आपण मऊ भात खायचा हं.’ घाबरलेल्या रुग्णाला हा ‘आपण’ फार आधार देतो. मात्र तो दिवसभर सर्वांना लावू नये. धडधाकट, समजत्या माणसाला ‘आज आपण कसे आहोत?’ असे विचारले तर त्याला आपल्याला लहान मूल समजले जात आहे असे वाटते, आणि त्याचे वाटणे खरे असते.

कोणते सर्वनाम वापरावे हे कळत नसेल तेव्हा मराठी माणूस काय करतो, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही, म्हणून इथे जरा विस्ताराने सांगते. तो सर्वनाम टाळतो. केरळात ‘नी’ (तू) म्हणणे सलगीचे आणि ‘निंगळ’ (तुम्ही) म्हणणे वडीलधाऱ्यांपुढे उद्धटपणाचे वाटते, म्हणून तुम्ही ‘चेट्टन’ (दादा), ‘चेच्ची’ (ताई), ‘सर’ असे म्हणून वाक्य पुढे नेता. मराठीतही तसे वाक्य पुढे नेण्याच्या वाटा आहेत आणि त्या व्याकरणातच आहेत. ‘णार’चे रूप माणूस सांगत नाही: ‘चहा घेणार ना?’ हे लहान भावालाही चालते आणि सासऱ्यांनाही. ‘यचं’चे रूपही तसेच: ‘उद्या रिकाम्या पोटी यायचं बरं का.’ भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाचा शेवटचा ‘स’ किंवा ‘त’ बोलताना गाळता येतो, म्हणून ‘गोळी घेतली का?’ यात तू आहे की तुम्ही, ते कळत नाही. ‘जेवण झालं का?’, ‘कुठून येणं झालं?’, ‘गाव कुठलं?’ या रोजच्या प्रश्नांत समोरचा माणूस आहे, पण त्याच्यावर रोखलेले सर्वनाम नाही. आणि तुमच्या कामातले बहुतेक प्रश्न तर मुळातच तसे आहेत, कारण मराठीत दुखणे, झोप, भूक, ताप या गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याला होतात: ‘कुठं दुखतंय?’, ‘कधीपासून?’, ‘रात्री झोप लागते का?’, ‘भूक लागते का?’, ‘आज बरं वाटतंय का?’ अख्खी तपासणी एकही ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ न वापरता पार पडू शकते. अडचण येते ती आज्ञा देताना. ‘हात वर कर’ की ‘हात वर करा’, ‘जीभ दाखव’ की ‘जीभ दाखवा’, यात लपायला जागा नाही. तिथे शेवटचा ‘आ’ लावायला विसरू नका. मुलाला जे खटकले ते कदाचित ‘तू’पेक्षा ‘जेवलीस’ मधला ‘स’च असेल.

तुमच्या भागात तुम्हाला आणखी एक रूप ऐकू येईल. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ‘कुठं निघालासा?’, ‘काय करतासा?’ असे म्हणतात. हा ‘सा’ ‘स’सारखा ऐकू येतो, म्हणून नवख्याला तो एकेरी वाटतो; तो आदराचा आहे. अनोळखी माणसाला तिकडे ‘पाव्हणं’ म्हणतात. नागपूरकडे ‘भाऊ’ म्हणतात आणि मित्रामित्रांत ‘बे’. मालवणात ‘मेल्या’ हा शब्द जिवलग माणसाला हसत हसत म्हटला जातो. वारीच्या वाटेवर वारकरी ओळख नसताना एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, तिथे वय, लिंग, जात काहीच विचारले जात नाही. ही रूपे ऐका, समजून घ्या, पण घाईने उचलू नका. बोलीतले संबोधन आपल्या तोंडी आणायला त्या बोलीतल्या माणसांत काही दिवस काढावे लागतात. हाकेला ‘ओ’ द्यायला मात्र लगेच शिका: वडील माणसाने हाक मारली की ‘काय?’ असे उत्तर देणे अजूनही खेड्यांत उर्मटपणाचे समजतात; ‘ओ’ म्हणावे किंवा ‘आले’ म्हणावे.

लिहिताना हा प्रश्न निराळ्या रूपात येतो आणि तो मी थोडक्यात उरकते. जुन्या पत्रांत वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्या इतरांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, सवाष्णीला ‘सौभाग्यवती’ आणि विधवेला ‘गंगाभागीरथी’ असे मायने असत. पत्र उघडताच कोणाचा कोणाशी काय संबंध आणि बाईचा नवरा हयात आहे की नाही, हे टपाल आणणाऱ्यालाही कळे. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द पुन्हा वापरण्याचा विचार राज्य शासनाच्या पातळीवर पुढे आला तेव्हा त्याच्यावर जोरदार टीका झाली, आणि ती योग्य होती. केसपेपरवर ‘श्रीमती’ आणि पुढे नाव, एवढे पुरे आहे.

तुम्ही न विचारलेली, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात असलेली एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो याइतकेच, कोणाकडे तोंड करून बोलतो हेही संबोधनच आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ अशी म्हण मराठीत आहे: सासू बोलते लेकीला, ऐकायचे असते सुनेने. विधानसभेत तर हा नियमच आहे; सदस्य ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून अध्यक्षांशी बोलतो आणि उत्तर मात्र समोरच्या बाकावरच्या मंत्र्याकडून हवे असते. तिथे ती रीत भांडण आवरण्यासाठी आहे. रुग्णालयात याची फार वाईट नक्कल होते. पलंगावर आजी जाग्या आहेत, शुद्धीवर आहेत, आणि डॉक्टर मुलाला विचारतात, ‘ह्यांना भूक लागते का? ह्या रात्री उठतात का?’ ‘ह्या’ हे आदरार्थी आहे, ‘उठतात’ हेही आदरार्थी आहे, व्याकरणात कुठेही चूक नाही, आणि तरीही त्या बाईला त्या खोलीतून बाहेर काढून ठेवले आहे. याच्यापेक्षा तुमचा चुकलेला ‘तू’ मला शंभरपटीने चांगला वाटतो, कारण तो निदान तिच्याकडे बघून म्हटलेला होता. आजी काही बोलल्या नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. त्या रागावल्या असे लिहिलेले नाही. त्यांना ते कळले असण्याचा बराच संभव आहे.

मुलाशी याबद्दल एकदा बोलून घ्या. लांबलचक माफीची गरज नाही. ‘मी मराठी शिकते आहे, आजींना तू म्हणायला नको होतं, चुकलं माझं’ इतके साधे वाक्य पुरेल, आणि ते आजींच्या समोर म्हणा, त्यांच्या पाठीमागे नको. त्यानंतर आजींशी ‘आजी, तुम्ही’ असेच बोलत राहा, आणि त्या तुम्हाला ‘तू’ म्हणत राहतील ते म्हणू द्या. एखाद्या दिवशी त्या स्वतःच ‘मला काय तुम्ही-तुम्ही करतीस, तू म्हण की’ असे म्हणाल्या, तर लगेच बदलू नका. एकदा ‘नको आजी’ म्हणा, कारण पहिल्या बोलण्याला नाही म्हणण्याचीही इथे रीत आहे. त्यांनी पुन्हा म्हटले, तर त्या दिवसापासून ‘आजी, जेवलीस का?’ असे विचारा, आणि मुलगा तिथे असेल तर त्याच्यासमोरच विचारा.